पहिल्या ओळीवर काय लिहायचं?

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. ताईच्या घरी जेवणाच्या टेबलावरची भांडी उचलून तिथे लॅपटॉप मांडला होता आणि त्याभोवती आम्ही चौघं बसलो होतो: ताई, भाऊजी, मी आणि भाची. तिचं एम.बी.बी.एस. झालं होतं, इंटर्नशिप झाली होती, नीट-पीजीची रँकही हातात आली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चॉइस फिलिंग उरकायचं होतं. म्हणजे कॉलेज आणि ब्रँच यांच्या जोड्या आपल्या पसंतीच्या क्रमाने भरायच्या आणि यादी लॉक करायची. तिने आधी वहीत यादी केली होती, एकशे बारा ओळींची. खालच्या शंभर ओळी पेनाने लिहिलेल्या होत्या. वरच्या दहा-बारा मात्र पेन्सिलने लिहिलेल्या, खोडलेल्या, परत लिहिलेल्या. तिथला कागद विरायला आला होता.

"मामा, तू गणित शिकवतोस ना, मग एक सांग," ती म्हणाली. "जे मिळायची शक्यता फारच कमी आहे ते वर टाकलं, तर खालचं हक्काचं हातचं जाईल का?"

भाऊजींचं म्हणणं होतं, जाईल. उगाच जोखीम नको. तिच्या एका सीनियरचंही तेच मत होतं. मला उत्तर माहीत होतं: नाही जाणार. पण नुसतं "नाही" म्हणून तिची भीती जाईना, म्हणून मी कागद ओढला. त्या रात्री मी तिला जे सांगितलं आणि तिने मला जे सांगितलं, ते दोन्ही इथे लिहितो आहे. त्यातलं माझं गणिताचं आहे, तिचं त्याहून खोलातलं.

आधी आपल्याकडची पद्धत. नीट-पीजी म्हणजे साडेतीन तासांत 200 प्रश्न आणि 800 गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा. दरवर्षी दोन लाखांहून अधिक डॉक्टर या परीक्षेला बसतात. शासकीय महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, उरलेल्या राज्याच्या. आपल्या राज्यात त्या सीईटी कक्षामार्फत भरतात. प्रवर्गांप्रमाणे रांगा वेगळ्या होतात, फेऱ्याही अनेक होतात, पण प्रत्येक फेरीच्या पोटात चालणारं यंत्र अगदी साधं आहे. ते पहिल्या रँकच्या विद्यार्थ्याची यादी उघडतं आणि त्याची पहिली पसंती त्याला देतं. मग दुसऱ्या रँकची यादी. तिच्यात वरून खाली येताना जी पहिली मोकळी जागा लागेल ती त्याची. मग तिसरा, मग चौथा.

आता यंत्र भाचीच्या नावाशी येऊन थांबलं आहे असं समजा. त्या क्षणी काही जागा गेलेल्या असतील, काही उरलेल्या असतील. किती उरल्या हे तिच्या पुढच्या लोकांनी ठरवलं. तिच्या यादीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. तिची यादी फक्त एकच काम करते: उरलेल्यांतली कोणती, ते सांगते. वरच्या पाच ओळी आधीच गेलेल्या असतील तर यंत्र त्या ओलांडून सहाव्या ओळीवर येतं. त्या पाच ओळी लिहिल्याचा दंड नाही. म्हणून इथे हुशारी करायला जागाच नाही. मनात जो क्रम आहे तोच कागदावर उतरवणं, याहून सरस डावपेच कुणालाही सापडणार नाही. पुढच्या फेऱ्यांत एक पथ्य तेवढं पाळायचं. वरचं मिळालं की हातचं आपोआप सुटतं, म्हणून हातातल्या जागेपेक्षा खरोखर जास्त हवं असेल तेच लिहायचं. तेही शेवटी खरं लिहिण्याचंच पथ्य.

"मग सगळ्यांना भीती का वाटते?" तिने विचारलं.

ती भीती वेडगळ नाही. ती एका वेगळ्या यंत्राची भीती आहे, आणि ते यंत्र एकदा खरोखर बनलं होतं.

1940 च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांना इंटर्न कमी पडायचे. चांगला विद्यार्थी दुसऱ्याने पळवण्याआधी आपण गाठावा म्हणून रुग्णालयं इतकी आधी बोलणी करू लागली की शिक्षण संपायला दोन वर्षं असतानाच जागा ठरू लागल्या. मग महाविद्यालयांनी एकत्र येऊन तारखा बांधून दिल्या. घाई थांबली नाही, तिने दुसरी वाट धरली. 1945 साली जागा देऊ केल्यावर विद्यार्थ्याला विचार करायला दहा दिवस मिळत. 1949 पर्यंत बारा तासही फार वाटू लागले. पसंतीच्या रुग्णालयाकडून तार येईल म्हणून थांबावं, तर हातात आलेलं पत्र बाद व्हायचं.

यावर तोड म्हणून ठरलं की विद्यार्थ्यांनी आणि रुग्णालयांनी आपापल्या पसंतीच्या याद्या एका मध्यवर्ती कचेरीत द्याव्यात आणि जोड्या तिथे लावाव्यात. 1951 साली जी पद्धत सुचवली गेली ती वरवर निर्दोष दिसत होती. विद्यार्थ्यांनी मात्र तिच्यातली खोच ओळखली. त्या पद्धतीत वरच्या ओळीवर मोठं स्वप्न लिहिलं आणि ते हुकलं, तर खालची, सहज मिळाली असती अशी जागाही निसटू शकत होती. म्हणजे खरं लिहिणाऱ्याला शिक्षा. विद्यार्थ्यांनी विरोध केला. त्यांच्या पुढे होता हार्वर्डमध्ये शिकणारा हार्डी हेंड्रेन, जो नंतर लहान मुलांचा नावाजलेला सर्जन झाला. विद्यार्थ्यांचं म्हणणं मान्य झालं, पद्धत बदलली आणि 1952 साली नव्या रीतीने पहिल्यांदा जोड्या लागल्या. तिला तिथे मॅच म्हणतात. आज त्या एका मॅचमधून 40 हजारांहून अधिक जागांचा हिशेब होतो, आणि आपल्याकडून तिकडे जाणारे मराठी डॉक्टरही त्यातूनच जातात.

आता गंमत पाहा. दहा वर्षांनी, 1962 साली, डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी एक छोटा लेख लिहिला. विषय होता महाविद्यालयांचे प्रवेश आणि लग्नं. दोन्हीकडे आपापल्या आवडीनिवडी असताना अशा जोड्या लावता येतील का, की कोणतीही दोन माणसं आपापले जोडीदार सोडून एकमेकांकडे पळून जाणार नाहीत? त्यांनी सिद्ध केलं की नेहमीच लावता येतील, आणि कृतीही दिली. त्या कृतीचा गाभा एका शब्दात सांगायचा तर "कळवतो". आपल्याकडे स्थळ पाहून झालं की लगेच हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत, "कळवतो" म्हणतात. कृतीचा सगळा जीव त्या थांबून राहण्यात आहे.

मी कागदावर तीन विद्यार्थी मांडले: नगरची मुलगी, लातूरचा मुलगा, चिपळूणची मुलगी. आणि अमेरिकेतली तीन रुग्णालयं: बॉस्टन, शिकागो, ह्यूस्टन, प्रत्येकी एक जागा. नगर आणि लातूर दोघांनाही सगळ्यांत आधी बॉस्टन हवं. त्यानंतर नगरला शिकागो आवडतं, लातूरला ह्यूस्टन. चिपळूणला आधी शिकागो, मग बॉस्टन. रुग्णालयांचंही आपलं मत आहे. बॉस्टनची पसंती चिपळूण, लातूर, नगर अशी. शिकागोची नगर, चिपळूण, लातूर अशी. ह्यूस्टनला कुणीही चालेल.

सगळे आपापल्या पहिल्या दारावर जातात. बॉस्टनकडे नगर आणि लातूर आले. ते लातूरला "कळवतो" म्हणून बसवून ठेवतं आणि नगरला नाही म्हणतं. शिकागोने चिपळूणला बसवून ठेवलं. नगर आता दुसऱ्या दारी, शिकागोला जाते. शिकागोला ती जास्त आवडते, म्हणून ते तिला ठेवून चिपळूणला सोडतं. चिपळूण निघते ती बॉस्टनकडे. बॉस्टनला तर तीच सगळ्यांत आवडती, म्हणून लातूर उठतो आणि ह्यूस्टनला जातो. आता कुणीच फिरत नाही. मगच सगळे "कळवतो" एकदम "हो" होतात. नगर शिकागोला, चिपळूण बॉस्टनला, लातूर ह्यूस्टनला.

आता यात कुणी नाराज आहे का? आहे. लातूरला अजून बॉस्टन हवंसं वाटतं. पण बॉस्टनला त्याच्यापेक्षा चिपळूण पसंत आहे, त्यामुळे त्याने जाऊन दार वाजवलं तरी उघडणार नाही. असं प्रत्येकाचं तपासून पाहा. दोन्हीकडून ओढ असलेली एकही जोडी बाहेर राहिलेली नाही. आणि बॉस्टनला आधी विचारल्यामुळे लातूरची ह्यूस्टनची जागा बुडाली नाही. जो विचारायला जातो त्याला खरी यादी लिहिण्यातच फायदा, हे या कृतीबाबत गणिताने सिद्ध झालेलं आहे.

ॲल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञाने 1984 साली दाखवून दिलं की गेल आणि शॅप्लींनी जे 1962 साली कागदावर मांडलं, त्याच तत्त्वावर डॉक्टरांचं मॅच 1952 पासून चालू होतं! गणिताला जे सिद्ध करायचं होतं ते ठेचा खात खात, भांडून, डॉक्टरांनी आधीच गाठलं होतं. फरक एवढाच की तिथे दार वाजवायला रुग्णालयं निघत होती. रॉथ यांच्या देखरेखीखाली यंत्र नव्याने बांधलं गेलं आणि 1998 पासून विद्यार्थी निघू लागले. एकाच गावी जागा हवी असलेल्या डॉक्टर जोडप्यांचीही सोय त्यात नीट बसवली. 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल शॅप्ली आणि रॉथ यांना मिळालं. गेल 2008 सालीच गेले होते.

आणि मला सगळ्यांत भावलेली गोष्ट पुढेच आहे. समजा, झाडून सगळ्या रुग्णालयांची पसंती एकसारखी झाली, म्हणजे प्रत्येकाला आधी पहिल्या रँकचा, मग दुसऱ्या रँकचा विद्यार्थी हवा. आता गेल-शॅप्लींची कृती चालवून पाहा. हाती काय येतं? आपली रांग. एकाने निवडावं, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. आपली साधीभोळी वाटणारी पद्धत आणि तिकडची नोबेलवाली पद्धत ही एकाच घरातली भावंडं आहेत. दोघी विद्यार्थ्याकडे एकच मागतात: तुला खरंच काय हवं आहे ते सांग.

भाचीने कागद बराच वेळ पाहिला. मग वही माझ्याकडे सरकवली. "मग अडचण वेगळीच आहे मामा. ही यादी माझी नाहीये."

तिने बोट ठेवून दाखवलं. पहिली ओळ रेडिओलॉजी, ती बाबांची. दुसरी त्वचारोग, ती आईची. तिसरी मेडिसिन, ती कॉलेजातल्या सरांची. चौथी बालरोग, ती मैत्रिणीची, कारण दोघी एकत्र राहिल्या असत्या. प्रत्येकाच्या मागे प्रेम होतं आणि विचारही होता. भाऊजी म्हणत होते ते खोटं नव्हतं: रेडिओलॉजीत रात्री-अपरात्रीची धावपळ त्या मानाने कमी आणि मागणी कायम. अमेरिकेतले विद्यार्थी अशा ब्रँचेसच्या इंग्रजी आद्याक्षरांचा मिळून "रोड" हा शब्द करतात: रेडिओलॉजी, ऑप्थॅल्मॉलॉजी, ॲनेस्थेशिऑलॉजी, डर्मटॉलॉजी. म्हणजे सुखाचा रस्ता. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं की तिथल्या विद्यार्थ्यांचा ओढा ज्या ब्रँचेसकडे वळला, त्यामागे आपला वेळ आपल्या ताब्यात राहण्याचा मोठा वाटा होता. संध्याकाळी आपण घरी असावं, असं वाटण्यात कमीपणा काहीच नाही.

पण प्रत्येक ब्रँच वेगळ्या घडणीचं माणूस मागते. 1975 साली एका प्रयोगात अनुभवी रेडिओलॉजिस्टना छातीचे एक्स-रे फक्त 0.2 सेकंद दाखवले. तेवढ्यात, नजर फिरवायलाही वेळ नसताना, त्यांनी शंभरात सत्तर वेळा दोष ओळखला. इतकी सरावलेली नजर कमवायला वर्षानुवर्षं अंधाऱ्या खोलीत चित्रांसमोर बसण्याची आवड लागते. सर्जनला निर्णय घेऊन मोकळं होणारा स्वभाव लागतो. मनोविकारतज्ज्ञाला त्याच्या उलट, उत्तर न देता ऐकत राहण्याची ताकद लागते. आणि हे अठराव्या वर्षी कुणाला ठाऊक असतं? अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाच्या सुरुवातीला आणि शेवटी विद्यार्थ्यांना त्यांची पसंती विचारतात. शेवटपर्यंत तीच पसंती टिकलेले साधारण चारांत एक निघतात. म्हणजे बाकीच्यांना वाटेत काहीतरी भेटतं.

आपल्याकडे भेटायची जागा म्हणजे इंटर्नशिप. 2021 च्या नियमांप्रमाणे 52 आठवडे: जनऔषधवैद्यक 12, स्त्रीरोग-प्रसूती 7, मेडिसिन 6, सर्जरी 6, ऐच्छिक 4, बालरोग 3, मनोविकार, भूल, अस्थिरोग, कान-नाक-घसा, नेत्र आणि कॅज्युअल्टी प्रत्येकी 2, न्यायवैद्यक आणि त्वचा प्रत्येकी 1. वरच्या रँकवाले ज्या रेडिओलॉजीवर उड्या टाकतात, तिचा या सक्तीच्या यादीत एकही आठवडा नाही. आणि उरलेल्या आठवड्यांतही पुष्कळ मुलं नीट-पीजीच्या प्रश्नसंचात डोकं घालून लायब्ररीत असतात. ज्या वर्षी ब्रँचने भेटायचं, त्याच वर्षी परीक्षा त्यांना वॉर्डातून उचलून नेते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कारण भेट झाली तर काय घडतं, याची उदाहरणं आपल्याच मातीत आहेत. आनंदीबाई जोशींचं बाळ जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलं. त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि 1886 साली पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय प्रसूतिशास्त्र होता. डॉ. हिंमतराव बावस्कर 1970 च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं डोळ्यांदेखत फुप्फुसात पाणी भरून दगावत होती. ते प्रत्येक रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले. 1982 साली त्यांचं निरीक्षण लॅन्सेटमध्ये आलं. पुढे त्यांनी एम.डी. होऊन महाडातच काम केलं आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध या विषाच्या परिणामांवर उतारा म्हणून वापरून असंख्य जीव वाचवले. विंचूदंश ही ब्रँच कुठल्याच यादीत नव्हती.

ज्या ब्रँचेसना रुग्णाचा चेहरा दिसत नाही त्यांची गोष्टही सांगायला हवी, कारण त्यांच्या जागा रिकाम्या राहतात. 2023 साली तर उरलेल्या जागा भरण्यासाठी नीट-पीजीची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणावी लागली. आणि ज्या 1952 साली अमेरिकेत पहिलं मॅच झालं, त्याच 1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणत्याच गटात न बसणारं रक्त ओळखलं. वरून पाहिलं तर ओ गटाचं, पण ओ गटाचंही रक्त त्याला चालत नाही. आज जगभर त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. परीक्षानळीतल्या गुठळ्यांकडे कुणीतरी प्रेमाने पाहत बसलं होतं, म्हणून ते सापडलं.

"तुला वाटेत काय भेटलं?" मी भाचीला विचारलं.

ती जरा थांबली. मग म्हणाली, "भूल."

दोन आठवड्यांचं पोस्टिंग. पहिल्या दिवशी मॅडमनी तिला रुग्णाच्या डोक्याशी उभं केलं. आधी तीन मिनिटं नाकातोंडावर मास्क धरून शुद्ध ऑक्सिजन दिला. का, ते सांगितलं. आपण हवा घेतो तिच्यात नायट्रोजनच जास्त. तो हटवून फुप्फुसं ऑक्सिजनने भरून ठेवली, की निरोगी प्रौढ माणूस श्वास थांबल्यावरही सात-आठ मिनिटं तग धरू शकतो. "म्हणजे आपण आधी त्याच्या खात्यात वेळ जमा करतो," भाची म्हणाली. मग दुधासारखं पांढरंशुभ्र औषध शिरेत गेलं, रुग्णाचे डोळे मिटले आणि श्वास थांबला. त्या क्षणापासून त्याचा प्रत्येक श्वास मॅडमच्या हातातल्या फुग्यात होता. मॅडम औषध भरायला पाठ फिरवून उभ्या राहिल्या आणि मॉनिटरकडे न बघताच म्हणाल्या, "ऑक्सिजन उतरतोय, नळी बघ." त्यांना कळलं कसं? नाडीच्या त्या टिक-टिकीचा सूर रक्तातला ऑक्सिजन उतरला की खाली येतो. त्या कानाने पाहत होत्या.

"दोन आठवड्यांनी मलाही ऐकू यायला लागलं," ती म्हणाली. "घरी आल्यावरही कानात ते असायचं. मला दुसऱ्या कुठल्याच पोस्टिंगमध्ये असं झालं नाही."

भाऊजी इतका वेळ गप्प होते. आता काळजीनेच म्हणाले, "अगं, पण पेशंटला तुझं नावही कळणार नाही. तो सर्जनचे पाय धरेल."

"बाबा, उठल्यावर त्याला काहीच आठवणार नाही. माझं काम नीट झालं याची तीच तर खूण."

ताई उठून चहा टाकायला गेली. भाचीने खोडरबर घेतलं, पेन्सिलच्या सगळ्या ओळी पुसल्या, आणि विरलेल्या कागदावर पहिल्या क्रमांकापुढे पेनाने लिहिलं. तिच्या रँकला यापेक्षा अवघड मानलेली ब्रँचही मिळाली असती. त्या ब्रँचच्या जागा तिने खालच्या ओळींवर लिहिल्या, कारण तिच्या मनात त्या खरंच खालच्या होत्या. मग एकशे बारा ओळी एकेक करून संगणकावर चढवल्या. भाऊजी चष्मा लावून वहीतून कॉलेजांची नावं मोठ्याने वाचून दाखवत होते आणि ती भरत होती.